अभ्यासिका आणि आरोग्य: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या समाजकेंद्रात रोज संध्याकाळी ३० मुलं अभ्यासाला बसतात, शिकवणारे दोघं. खोली ८ बाय ६ मीटर, उंची ३ मीटर. तासाभरात मुलं पेंगायला लागतात आणि एकाला खोकला झाला की आठवड्यात निम्मी खोकतात. दोन पंखे आहेत, आणखी लावावेत का?

उत्तर: नको. पंखा खोलीतलीच हवा घुसळतो, बाहेरची आत आणत नाही. अशा खोलीसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरतात. तुमच्या ३२ जणांसाठी ती तासाला साधारण ११५० घनमीटर होते. खोलीत मावते १४४ घनमीटर, म्हणजे तासाला आठ वेळा सगळी हवा बदलायला हवी. एकाच भिंतीला दोन खिडक्या असतील तर हे सहसा साधत नाही. समोरासमोरच्या भिंतींत एकेक उघडी जागा असेल तर मात्र वारा आरपार जातो. मग दोन्ही पूर्ण उघड्या नसल्या तरी फरक पडतो.

समोर खिडकी नसेल तर वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवा. त्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते छापलेलं असतं. ११५०च्या पुढचाच घ्या, कारण जाळी आणि धुळीमुळे प्रत्यक्षात तो कमीच खेचतो. आणि समोरचं दार उघडं ठेवा. दार-खिडक्या लावून चालवलेला एक्झॉस्ट बराचसा आवाजच करतो, कारण फेकायला हवा यायची कुठून?

कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मिळालं तर खोली भरल्यावर पाऊण तासाने त्यावरचा आकडा बघा. बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवतं. खोलीत १०००च्या वर गेलं तर हवा कमी पडते आहे. यंत्र खिडकीत ठेवू नका आणि कुणाच्या तोंडासमोरही नको. बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, सगळ्यांपासून मीटरभर लांब ठेवा. पेंगण्याचं सगळं खापर हवेवर फोडू नका, उकाडा आणि अपुरी झोप हीही कारणं असतात. खोकला पसरण्याचा हवेशी संबंध मात्र थेट आहे.

प्रश्न: पिण्याच्या पाण्याची टाकी १००० लिटरची आहे. रोज मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतो. कधी पाण्याला उग्र वास येतो, तर कधी मुलांची पोटं बिघडतात. चुकतंय कुठे?

उत्तर: मुठीत. ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतो. डबा उघडा राहिला, दमट किंवा गरम जागी ठेवला की तो झपाट्याने उतरतो. दोन महिन्यांपूर्वीची मूठ आणि आजची मूठ म्हणूनच सारखी नसते. काटा वापरा. पावडर २५ टक्क्यांची धरली तर १००० लिटरला ८ ग्रॅम लागते, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो.

ती थेट टाकीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली अर्धी भरा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली चुन्याचा गाळ बसतो, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत घाला. गाळ आत गेला की नळ तुंबतात. टाकी ढवळा आणि अर्धा तास कुणाला पाणी देऊ नका.

आता खरी परीक्षा. टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाचं पाणी घेऊन क्लोरीन तपासा. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरला असेल तर पाणी ठीक. काहीच उरला नसेल तर आणखी २ ग्रॅम पावडर याच पद्धतीने घाला, पुन्हा अर्धा तास थांबा, पुन्हा तपासा. ऑर्थोटोलिडीनचे थेंब वापरत असाल तर पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांतच तक्त्याशी जुळवा. उशीर झाला की दुसऱ्या पदार्थांना चिकटलेला कमजोर क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. पोहण्याच्या तलावासाठीच्या पट्ट्यांवर विसंबू नका, इतक्या कमी प्रमाणातला फरक त्या नीट दाखवत नाहीत.

आता वास आणि पोटदुखी. गढूळ पाणी आणि तळातला गाळ क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. उग्र वासाचा अर्थही दर वेळी क्लोरीन जास्त झाला असा नसतो. पाण्यातल्या घाणीशी जोडलेल्या क्लोरीनलाही वास येतो. म्हणून नाकाने ठरवू नका. गढूळ पाणी आधी निवळू द्या, गाळा, मगच पावडर. तळाचा गाळ दिसू लागला की टाकी रिकामी करून घासा, पुन्हा पूर्ण भरा, २०० ग्रॅम पावडरीचं नितळ द्रावण घाला आणि १२ तास ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही. नळांना तशी पाटी लावा, मग सगळं सोडून देऊन टाकी धुवा. आणि पावडरीच्या शेजारी संडास धुण्याचं ॲसिड ठेवू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो.

प्रश्न: स्वयंसेवकांनी मुलांची नजर तपासली तर चालेल का? तक्ता इंटरनेटवरून छापून घेतला आहे.

उत्तर: चालेल, पण आधी तक्त्याला पट्टी लावा. ६ मीटरच्या तक्त्यात सगळ्यांत वरचं, ६/६० चं (चांगल्या नजरेला जे ६० मीटरवरूनही वाचता येतं ते) अक्षर ८७ मिलिमीटर उंच असायला हवं, ६/१२ च्या ओळीतलं साधारण १७.५. छापताना कागदाच्या मापात बसवण्यासाठी प्रिंटर चित्र लहान करतो आणि मग चांगल्या नजरेची मुलंही नापास होतात. खोली छोटी असेल तर निम्म्या मापाचा तक्ता ३ मीटरवर लावा. अंतर टेपने मोजा, जमिनीवर खूण करा. मुलाचे डोळे खुणेच्या वर हवेत, पायांची बोटं नव्हेत.

एका वेळी एक डोळा. दुसरा पोकळ तळव्याने किंवा पुठ्ठ्याने झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही. दाबलेला डोळा थोडा वेळ धूसर दिसतो आणि पुढची तपासणी चुकते. बोटांच्या फटीतून बघणारे असतातच. मूल डोळे बारीक करत असेल तर थांबवा, तसं केल्याने अंधूक नजरही तात्पुरती सुधारते. रांग खोलीबाहेर ठेवा, नाहीतर पाचव्या मुलाला तक्ता पाठ झालेला असतो. अक्षरं न येणाऱ्यांसाठी चार दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता घ्या, मुलाने फक्त हाताने दिशा दाखवायची. चष्मा असलेल्याला चष्मा लावूनच तपासा.

शाळकरी मुलाला ६/९ च्या ओळीतली निम्म्याहून जास्त अक्षरं ओळखता आली नाहीत, किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडला, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. लांबचं चोख वाचणाऱ्या पण पुस्तक वाचताना डोकं दुखणाऱ्या मुलालाही पाठवा, हा तक्ता जवळच्या नजरेबद्दल फारसं सांगत नाही. कुठे पाठवायचं ते तपासणीच्या आधीच नक्की करा. वहीत उजवा आणि डावा डोळा यांच्यापुढे आणखी तीन रकाने आखा: गेला का, चष्मा मिळाला का, महिन्याने नाकावर आहे का. शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतोच, आणि गळती नेमकी तिथे होते.

प्रश्न: आजी-आजोबांचा रक्तदाब मोजतो. एकाच माणसाचा वरचा आकडा आधी १५२, मग १३८. यंत्र खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. चालत आल्या आल्या, गप्पा मारत, हात लटकता ठेवून मोजला की आकडा चढतो. पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीला टेकवलेला. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टाही जवळ ठेवा. मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजा, पहिलं सोडा, उरलेल्या दोनांची सरासरी लिहा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांकडे पाठवा. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल तर ताबडतोब रुग्णालय. गोळ्या सुचवणं किंवा बदलणं स्वयंसेवकांचं काम नाही.

प्रश्न: एका मुलीच्या डोक्यात उवा आहेत. तिला घरी बसवावं का?

उत्तर: नाही. उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात, आणि डोक्याबाहेर साधारण दोन दिवसांत मरतात. पालकांना बाजूला घेऊन सांगा, वर्गात नाही. औषध लावल्यावर ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखांतून तोवर नव्या उवा बाहेर येतात. औषध नको असेल तर ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीने दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे विंचरा. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघा.