नदीतला स्मॉलमाऊथ: रंग राहू द्या, आधी वजन बघा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या नद्यांमधल्या स्मॉलमाऊथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले आणि त्यातले निम्मे "कुठल्या रंगाचं लूर (नकली आमिष) घेऊ" असेच होते, म्हणून तोच पहिला घेतोय. उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: मी पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहाना नदीत मांडीभर पाण्यात उभा राहून मासे पकडतो. ट्यूब (पोकळ मऊ प्लास्टिकचं लूर) आणि जिगचे मिळून तीसेक रंग जमवलेत. जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, पाव औंसाचं आहे, ते दर तीन-चार कास्टला (फेकीला) दगडात अडकून तुटतं. शेजारी उभा राहणारा मित्र माझ्याच डब्यातली ट्यूब घेतो, स्वतःचं जिगहेड लावतो आणि मासे काढतो. माझा नेमका कुठला रंग चुकतोय?

उत्तर: अहो, मित्र तुमच्याच डब्यातल्या ट्यूबवर काढतोय म्हणजे रंगाचा प्रश्न तुम्हीच निकालात काढलात की! तुमचं वजन चुकतंय. तिथे नदीचा तळ म्हणजे आडव्या खडकांच्या रांगा, एकामागे एक फटी, आणि पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, एवढं वजन मांडीभर पाण्यात सरळ खाली जाऊन फटीत बसणारच. मित्राचं जिगहेड कधी हातात घेऊन बघा, १/८ किंवा १/१६ औंसाचं असेल, म्हणजे साडेतीन ग्रॅम किंवा जेमतेम पावणेदोन.

आता हे का चालतं ते सांगतो. नदीतला स्मॉलमाऊथ जोरदार धारेत उगाच पोहत बसत नाही, तो खडकाच्या आडोशाला किंवा जिथे वेगवान आणि संथ पाण्याच्या मधे एक रेघ दिसते ना तिथे उभा असतो आणि धार जे वाहून आणेल ते उचलतो, जास्त करून क्रेफिश (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी), हेलग्रामाईट (पाण्यातली मोठी अळी) आणि बारके मासे. यातलं काहीच तळाला खिळून राहत नाही आणि पाण्यावरून उडतही जात नाही, तळाला धरून घसपटत खाली येतं. तुमच्या लूरनेही तेच करायला पाहिजे. धारेच्या वरच्या बाजूला तिरपा कास्ट टाका, रॉडचं टोक वर ठेवा, लाईन सैल पडू देऊ नका पण ओढूही नका, ओढायचं काम नदी करते, तुम्ही फक्त जादाची लाईन गोळा करत राहा. हाताला टक, मग काही नाही, मग परत टक असं लागलं की वजन बरोबर. प्रत्येक कास्टला रुतलं तर हलकं लावा, टक लागलंच नाही तर जड. आणि हे वजन दिवसभर एकच राहत नाही, वीस पावलं पुढे सरकलात की खोली बदलते, धार बदलते, की परत बदला. मी पहिले दोन सीझन या बदलाबदलीचा कंटाळा केला, नदीला किती जिगहेड दान केले त्याचा हिशोब नाही.

दगड फारच असतील तर नेड रिग लावून बघा. कॅन्ससच्या नेड केडी या मासेमारीवर लिहिणाऱ्या गृहस्थांच्या नावावरून हे नाव पडलं, छत्रीच्या आकाराचं छोटं जिगहेड आणि त्यावर अडीच-पावणेतीन इंचाचा जाडसर तुकडा, बस. दिसायला इतकं साधं की दुकानात हात जात नाही, पण तरंगणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा असेल तर तळाला शेपटी वर करून उभा राहतो, बचावाला उभ्या राहिलेल्या क्रेफिशसारखा. रंगाचं विचाराल तर एक ग्रीन पंपकिन (हिरवट-तपकिरी), एक पांढरा, एक काळा. बाकीचे सत्तावीस मित्राला देऊन टाका. आणि हो, मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर निर्बंध आहेत, लून पक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात म्हणून, तिकडे जाणार असाल तर टंगस्टन घ्या.

प्रश्न: लार्जमाऊथसाठी (स्मॉलमाऊथचा भाऊबंद मासा) घेतलेला हेवी बेटकास्टर (जड लूरसाठीचा रॉड-रीलचा सेट) आहे, त्यावर २० पाउंडाची लाईन. नदीत हाच चालवला तर? नवीन सेट घ्यायची इच्छा नाही.

उत्तर: इच्छा नाही हे समजलं, पण नाही चालणार. वर म्हटलेलं पावणेदोन ग्रॅमचं लूर त्या रॉडवरून लांब जाणारच नाही, आणि जाड लाईनला धार एवढी धरते की लूर तळाला पोचायच्या आत वर उचललं जातं. एकच स्पिनिंग सेट घ्या, ६ फूट ८ इंच ते ७ फुटांचा मीडियम-लाईट किंवा मीडियम रॉड, फास्ट ॲक्शन (मुख्यतः टोकाला वाकणारा), २५०० साईजचं रील, त्यावर १० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे ६ ते ८ फूट फ्लोरोकार्बनचा लीडर (लूरकडचा वेगळ्या लाईनचा तुकडा), ८ पाउंडाचा. ब्रेड ताणली जात नाही म्हणून बारीकसं टकही हातात कळतं, आणि लीडर दगडाला घासला तरी ब्रेडपेक्षा जास्त टिकतो, शिवाय अडकलं तर बहुतेक वेळा लीडरच तुटतो, सगळी लाईन जात नाही. जोडायला डबल युनी गाठ पुरते. लोक एफजी गाठीचं फार कौतुक करतात, चांगलीच आहे ती, पण गार वाऱ्यात, ओल्या बोटांनी, पाण्यात उभं राहून बांधून दाखवा मला.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, मात्र घट्ट पिळू नका. नदीतला दोन पाउंडाचा स्मॉलमाऊथ आडवा होऊन धारेत शिरला की चार पाउंडाचा वाटतो, दोन-तीनदा हवेत उड्याही मारतो, त्याला थोडी लाईन द्यावी लागते.

जुना सेट विकू नका, लार्जमाऊथला लागेलच. दोघांतला फरक ओळखायचा तर जबडा बघा, जबड्याचं मागचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाऊथ, डोळ्याखालीच थांबलं तर स्मॉलमाऊथ.

प्रश्न: मी आणि माझे मिस्टर व्हर्जिनियात शेनँडोआ नदीवर कयाक घेऊन जातो. ऑगस्टमध्ये सकाळी सकाळी टॉपवॉटरवर (पाण्यावर तरंगणाऱ्या लूरवर) मस्त हल्ले होतात पण अर्धे मासे लागतच नाहीत, आणि दहा वाजले की सगळं बंद. काय करावं?

उत्तर: ताई, अर्धे सुटतात कारण पाणी उडालं की हात आपोआप हिसका देतो, सगळ्यांचं होतं हे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रॉडला वजन जाणवेपर्यंत थांबा, मगच ओढा. लूर लहान घ्या, व्हॉपर प्लॉपरचा ९० मिलिमीटरवाला किंवा छोटा पॉपर, उन्हाळ्यात पाणी आरशासारखं असतं, त्यात मोठा खडखडाट कशाला. टॉपवॉटरला फ्लोरोकार्बनचा लीडर मात्र नको, तो बुडतो आणि लूरचं नाक खाली खेचतो, तिथे साधी नायलॉन मोनो लावा.

दहानंतर मासे नदी सोडून जात नाहीत, जागा बदलतात. संथ उथळ पाणी तापतं आणि ऊन थेट तळापर्यंत जातं, मग ते खळाळत्या पाण्याच्या लगेच खालचा खोलगट भाग, झाडाची सावली, मोठ्या खडकाची अंधारी बाजू असं काहीतरी शोधतात. तिथे चार इंची सेन्को (अळीसारखं मऊ प्लास्टिकचं लूर) वजन न लावता धारेत सोडून द्या, वाहत वाहत जाऊ दे, लाईन जरा वेगळी हलली की समजा घेतलं.

जाता जाता, हा मासा तुमच्या नदीतला मूळचा नाहीये बरं का. शेनँडोआ पोटोमॅकला मिळते आणि पोटोमॅकच्या खोऱ्यात स्मॉलमाऊथ १८५४ च्या सुमारास आला, तोही रेल्वेने! ओहायोच्या खोऱ्यातले थोडे मासे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून मेरीलँडमधल्या कंबरलंडला आणून कालव्यात सोडले होते. कयाकमध्ये लाईफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली नको, आणि नदीत आडवा बुटका बंधारा असेल तर वरून जायचं धाडस अजिबात करू नका, खालचं पाणी उलटं फिरून माणसाला तिथेच दाबून ठेवतं.

प्रश्न: पाऊस पडून गेल्यावर किती दिवस थांबायचं?

उत्तर: दिवस मोजू नका, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साईटवर तुमच्या नदीचं गेज (पाण्याच्या पातळीचं मोजमाप) बघा. पातळी चढत असेल तर जाऊच नका, उतरायला लागली आणि गुडघाभर पाण्यात आपले बूट अंधुक का होईना दिसले की जा. गढूळ पाण्यात मासे धारेच्या मारापासून लांब, काठाला चिकटून असतात, तिथे काळी ट्यूब किंवा पांढरा-शार्ट्रूज (पोपटी-पिवळा) स्पिनरबेट (फिरत्या पातीचं लूर) काठाला समांतर चालवा. एवढ्या एकाच वेळी मी जड वजन लावतो.

प्रश्न: वसंतात नर मासे घरट्यावर बसलेले स्पष्ट दिसतात, त्यांना पकडणं बरोबर आहे का?

उत्तर: मी पकडत नाही. पाणी साधारण ६० फॅरनहाईटच्या आसपास गेलं की नर खडीत घरटं करतो आणि अंडी, मग पिल्लं राखतो, त्याला उचललं की तेवढ्या वेळात बारके मासे अंड्यांवर तुटून पडतात. त्या काळात काही राज्यांत बास ठेवून घ्यायला बंदी असते, काही ठिकाणी मुद्दाम पकडायलाच, म्हणून लायसन्स काढताना त्या वर्षीचे नियम वाचाच. जायचंच असेल तर गळाच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका आणि मोकळ्या धारेतले मासे बघा.

प्रश्न: दादा, मी १५ वर्षांचा आहे. वाढदिवसाला मिळालेले झेड-मॅन कंपनीचे नेड वर्म आणि आधीचे साधे प्लास्टिक वर्म एकाच डब्यात ठेवले होते, सगळ्याचा चिकट लगदा झाला. पैसे गेले का?

उत्तर: गेले रे राजा. झेड-मॅनचं प्लास्टिक वेगळं असतं, ताणलं तरी लवकर तुटत नाही आणि पाण्यात तरंगतं, पण साध्या प्लास्टिकला चिकटून राहिलं की दोन्ही वितळतात, माझाही एक डबा असाच गेलाय. ते कायम मूळ पाकिटातच ठेवायचे, दुसऱ्या डब्यात काढायचेच नाहीत. लगद्यातून जिगहेड सुटतील तेवढे सोडव, गरम साबणाच्या पाण्यात बुडवून घासून बघ, हूक गंजले नसतील तर ते चालतील. बाकी लगदा कचऱ्याच्या डब्यात टाक, नदीकाठी नको.