ब्रेक लाइट सतत पेटलेले, मागून धडक आणि हातात नोटीस

प्रश्न : गाडी वडिलांच्या नावावर आहे, रोज चालवते मी. बॅटरी सारखी उतरत होती म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरने ती बदलून दिली. आठवड्याभरात नवी बॅटरीही उतरली. दुसऱ्या खेपेला, मागचे ब्रेक लाइट बंदच होत नाहीत हे मी स्वतः त्यांना दाखवलं. जॉब कार्डवर 'ब्रेक स्विच ॲडजस्ट केला, ओके' असं लिहून गाडी परत मिळाली. काही दिवसांनी शेजाऱ्यांनी सांगितलं की उभ्या गाडीचे लाल दिवे पुन्हा जळताहेत. दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायला निघाले आणि सिग्नलला थांबलेली असताना मागून एका कारने धडक दिली. कोणाला लागलं नाही. घाबरून मी त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपवर 'सॉरी, माझे ब्रेक लाइट बिघडले होते' असं लिहिलं. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे की चूक तुमची, दुरुस्तीचा खर्च द्या. सर्व्हिस सेंटर म्हणतंय, गाडी आणून सोडा, सगळं नीट करून देतो. काय करू?

उत्तर : गाडी अजून सर्व्हिस सेंटरला दिली नसेल तर तूर्त देऊ नका. त्यांच्याबद्दल संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण बिघाड नेमका कुठे आहे हे कागदावर येण्याआधीच तो दुरुस्त झाला, तर जुना भाग कचऱ्यात जाईल आणि त्याबरोबर तुमचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावाही. या प्रकरणात कोण किती जबाबदार, हे ब्रेक लाइट कशामुळे पेटलेले राहत होते यावरच ठरणार आहे.

म्हणून थोडं यंत्राबद्दल. ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल वर आलं की त्याची दांडी दाबली जाते आणि दिवे बंद होतात. अनेक गाड्यांत पेडलच्या पट्टीवर या दांडीसमोर रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टोपी बसवलेली असते. ती जुनी होऊन तुटली की दांडी मोकळ्या भोकातून आरपार जाते आणि पेडल वर येऊनही दिवे विझत नाहीत. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे कपचे पडलेत का ते आधी बघा. सापडले तर जागेवरच फोटो काढा आणि पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा.

काहीही न उघडता, न सोडवता तुम्ही आणखी तीन-चार गोष्टी बघू शकता. गाडी उभी असताना बुटाच्या टोकाने पेडल हलकेच वर उचला. दिवे विझले तर पेडल पूर्ण परत येत नाही किंवा स्विच चुकीच्या जागी बसवलाय. किल्ली काढून पाहा, मग पार्किंग लाइट लावून आणि बंद करून पाहा. फक्त पार्किंग लाइट लावल्यावरच ब्रेकचा दिवा पेटत असेल, तर दोन तारांचा बल्ब खराब झालाय, चुकीचा बसलाय किंवा दिव्याची अर्थिंगची तार तुटलीय. गाडी ऑटोमॅटिक असेल तर पेडल न दाबता गिअर 'पार्क'मधून निघतो का, तेही पाहा. निघत असेल तर गाडीच्या यंत्रणेलाही पेडल दाबलेलंच वाटतंय. सगळ्याचा सलग व्हिडिओ घ्या आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३प्रमाणे असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते काम सोपं होतं.

पेडल खरोखरच अडकत असेल तर ब्रेकही अर्धवट लागलेले राहत असतील. मग हा प्रश्न दिव्यांपुरता उरत नाही, चाकं तापतात आणि जिवाशी खेळ होतो. अशी गाडी हलवायचीच झाली तर टो करून हलवा.

स्विचचं कनेक्टर, म्हणजे त्याला तारा जोडणारा प्लग, काढून पाहण्याची पुढची तपासणी मात्र स्वतः करू नका. ती विम्याच्या सर्व्हेअरसमोर (नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञासमोर) किंवा परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअर आणून त्याच्यासमोर करून घ्या, आणि सर्व्हिस सेंटरला तारीख-वेळ आधी ईमेलने कळवा. कनेक्टर काढल्यावर दिवे विझले तर दोष स्विचकडे. जळतच राहिले तर पुढे वायरिंगमध्ये कुठेतरी थेट प्रवाह मिळतोय, किंवा रिले वा कंट्रोल मॉड्यूल बिघडलंय. गाडीच्या यंत्रणेने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०५०४ किंवा पी ०५७१ असा कोड आला तर तो ब्रेक स्विचच्या सर्किटकडे बोट दाखवतो. कोड पुसण्याआधी प्रिंट घ्या. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, आणि ही अट नव्या जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका.

आता हे सगळं कायद्याच्या भाषेत पाहू. दोष स्विचचा किंवा त्या टोपीचा निघाला, तर सर्व्हिस सेंटरची बाजू कच्ची आहे. मागचे दोन २१ वॅटचे बल्ब सतत जळले तर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह खेचतात. एका रात्रीत ४५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी व्हायला एवढं पुरतं. बॅटरी का उतरते हे न शोधता ती बदलणं आणि नंतर दोष दाखवूनही 'ओके' लिहून गाडी परत देणं, याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटी म्हणतात. पण कोणी बाहेरून जादा दिवे किंवा टोइंगचं वायरिंग बसवून दिलं असेल आणि दोष तिथे निघाला, तर ही बाजू तुमच्यावर उलटेल. असं काही काम झालं असेल तर तुमच्या वकिलांना आत्ताच सांगा.

नोटिशीतला मुद्दा असा, की दिवे सतत पेटलेले असल्याने तुम्ही ब्रेक लावलात हे त्यांना कळलंच नाही. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १०२नुसार ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा पेटायला हवा, आणि तो कायमच पेटलेला असेल तर त्यातून काहीच सांगितलं जात नाही. पण तुम्ही थांबलेल्या होतात. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभ्या असलेल्या गाडीचे दिवे पेटलेलेच असतात, धडधाकट गाडीचेही. त्यांची दिशाभूल झालीच असेल तर तुम्ही वेग कमी करत होतात तेवढ्या वेळात. तुम्ही थांबून किती वेळ झाला होता, हा कळीचा प्रश्न आहे. त्या चौकातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी वाहतूक पोलिसांना आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. शिवाय पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवणं ही मागच्या चालकाची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निशान सिंह प्रकरणात पुढच्या ट्रकच्या मागे १०-१५ फुटांवरून जाणाऱ्या कारच्या चालकालाच निष्काळजी ठरवलं होतं.

तुमची कमकुवत बाजूही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०नुसार, ज्यामुळे धोका होईल असा दोष माहीत असूनही, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असताना, वाहन रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे. दंड दीड हजार रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन इजा किंवा नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे 'मला माहीत नव्हतं' असं तुम्हाला म्हणता येणार नाही, आणि तसं म्हणूही नका. पण तुम्ही दुरुस्तीसाठीच निघाला होतात आणि त्याआधीचं 'ओके' तुमच्या हातात आहे. अपघात त्या दोषामुळेच झाला हे मात्र समोरच्यांना सिद्ध करावं लागेल.

तो व्हॉट्सॲप संदेश पुसू नका. तो त्यांच्या फोनमध्ये आहेच, आणि पुसल्याने तुमच्या खरेपणावरच शंका येईल. इथून पुढे मात्र त्यांच्याशी थेट बोलणं बंद. विमा पॉलिसीत साधारणपणे अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. नोटिशीची प्रत आजच विमा कंपनीला पाठवा. त्या संदेशाबद्दलही त्यांना सांगा. मग वकिलामार्फत दोन-चार ओळींचं उत्तर जाऊ द्या की दावा मान्य नाही, नोटीस विमा कंपनीकडे दिली आहे, कागदपत्रं पाठवा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना फॉर्ममध्ये दिव्यांची हकिकत खरी लिहा. स्विचचा खर्च मिळणार नाही, कारण विद्युत बिघाड पॉलिसीतून वगळलेला असतो. चेपलेली डिकी आणि बंपर वेगळे, ते अपघाताचं नुकसान आहे. गाडी सुस्थितीत ठेवली नाही असा आक्षेप कंपनीने घेतला तर दोन्ही जॉब कार्डं पुढे करा.

सर्व्हिस सेंटरला पाठवायची नोटीस तपासणीचा अहवाल आल्यावरच पाठवा. त्यात बॅटरीचा खर्च, दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार वडिलांच्या नावाने करा, कारण बिलं त्यांच्या नावावर आहेत. तुमचं प्रतिज्ञापत्र साक्षीदार म्हणून जोडा. जॉब कार्डांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नका, सर्व्हिस सेंटरने 'सिस्टिममध्ये अपडेट करायला' मागितल्या तरी.