दाखला नसला तरी शाळेत नाव घालता येतं

प्रश्न : आमच्या बोळात तेलंगणातून आलेलं एक कुटुंब राहतं. नवरा चादरीच्या कारखान्यात मागावर, बायको घरी विड्या वळते. त्यांची नऊ वर्षांची मुलगी दिवसभर आईजवळ बसून पानं कापते. गावी ती दुसरीपर्यंत शिकली. मी तिला जवळच्या एका शाळेत घेऊन गेले, तर जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, आता जूनमध्येच या, असं सांगून परत पाठवलं. माझा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. तिथे ३११ नंबर फिरवला की महापालिका दखल घेते. सोलापुरात आम्ही दाद कुठे मागायची?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, मुलीचा हात धरून शाळेपर्यंत गेलात, निम्मं काम तिथेच झालं. आता जूनची वाट बघू नका. पूर्व भागातल्याच महापालिका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. विड्या वळणाऱ्या घरातली मुलगी चार महिने घरी राहिली की तिच्या कापलेल्या पानांवर घरचा हिशेब बसू लागतो, आणि मग तिला उठवणं फार अवघड जातं.

तुम्हाला सांगितलेली तिन्ही कारणं कायद्यात टिकत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीतली किंवा दवाखान्यातली नोंद चालते, आणि तीही नसेल तर आईवडिलांनी वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय म्हणूनही मुलीला दारात थांबवता येत नाही. आणि वर्षाच्या मध्ये आली म्हणून परत पाठवता येत नाही. नऊ वर्षांची आहे, तर तिला दुसरीत नव्हे, वयाला साजेशा वर्गातच बसवायचं. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळणं हाही तिचा हक्क आहे.

कुणी म्हणेल, आता नियम बदललाय, जन्मदाखला लागतोच. तो बदल १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. तुमची मुलगी त्यात येत नाही. जन्मदाखल्यासाठी इथल्या कार्यालयात खेटेही घालू नका. जन्म जिथे झाला, नोंद तिथलीच. गावी कुणी जाणार असेल तर सवडीने काढा, प्रवेश त्यावर अडकवू नका.

शाळा कोणती? महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्याही आहेत. पोर तेलुगू वाचत असेल आणि चालत जाता येईल एवढ्यावर तेलुगू शाळा असेल, तर मी तीच निवडेन. आपल्या भाषेत वाचणारं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं, हे मी वर्गात पाहिलंय. मराठी तिला तिथेही शिकवतातच. २०२० च्या कायद्याने ती सगळ्या शाळांत सक्तीची आहे. पुस्तकं आणि दुपारचा आहार मिळेल. आईला हे आधी सांगा, तिला त्याचं मोल कळतं.

आता दाद मागण्याचं. कॅलगरीत ३११ ची सेवा २००५ पासून आहे. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिचं पुढे काय झालं ते त्या क्रमांकावरून विचारता येतं. म्हणून तिथली तक्रार हवेत विरत नाही. आपल्याकडे हेच काम पोच करते, पण आपण ती मागायला संकोचतो. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, दोन प्रती करा. एवढंच पुरे : “माझी मुलगी, वय ९ वर्षे, हिला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा. वयाबाबत माझे स्वयंघोषणापत्र जोडले आहे. प्रवेश नाकारल्यास कारण लेखी द्यावे.” खाली आईची सही किंवा अंगठा. एक प्रत शाळेत द्या, दुसरीवर तारीख, आवक क्रमांक, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. तोंडी “नाही” म्हणणं सोपं असतं, लेखी कारण देताना बहुतेक जण कायदा काढून बघतात. तरीही नकार आला, तर ती पोच जोडून महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागात लेखी तक्रार द्या. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असं कायदा सांगतो. मुलीच्या दृष्टीने तीन महिने फार होतात, म्हणून तक्रार देतानाच प्रशासनाधिकाऱ्यांना समक्ष भेटा. तिथेही दाद लागली नाही तर पुढे राज्य बालहक्क आयोग आहे.

कॅलगरीत शाळा महापालिकेकडे नसतात, त्यांची निवडून आलेली वेगळी मंडळं असतात. आपल्याकडे महापालिकेच्या प्राथमिक शाळा आणि नळजोडणी एकाच महापालिकेची. शाळेखेरीज महापालिकेची इतर कामं अडली, तर नळजोडणी, जन्ममृत्यूचे दाखले यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागतो. किती दिवसांत काम व्हायला हवं ते कार्यालयात फलकावर लिहिलेलं असायला हवं. मुदत टळली तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. पोच तिथेही हवीच.

प्रवेश झाला की मुलीच्या आईला शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला न्या. त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तिला मराठी येत नसेल तर तेलुगू जाणणारी शेजारीण सोबत द्या, आणि सभेची वेळ विड्या जमा करायच्या वेळेवर येऊ नये, एवढं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या.