‘आम्ही’मधली तू

पुणे, रविवार

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात नोकरीच्या सराव मुलाखतीत तू दिलेली उत्तरे मी उतरवून घेतली होती, ती आज पुन्हा वाचली. ‘गटात मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलेत, असा एक प्रसंग सांगा’ या प्रश्नावर तू ढोलपथकाची हकिकत सांगितलीस. विसर्जन मिरवणूक पंधरा दिवसांवर आली असताना ढोलवाले आणि ताशेवाले यांचे सरावाच्या वेळेवरून बिनसले, ‘मग आम्ही एकत्र बसलो, चर्चा केली गेली आणि मार्ग काढण्यात आला.’ प्रसंग उत्तम आहे, पण या वाक्यात तू मला कुठे सापडली नाहीस.

ज्याला कंपन्यांमध्ये ‘कॉम्पिटन्सी इंटरव्ह्यू’ म्हणतात, त्यात समोरच्यांच्या हाती बहुधा एक तक्ता असतो. त्यात पदाला लागणाऱ्या क्षमता लिहिलेल्या असतात आणि उमेदवाराने प्रत्यक्ष काय केले हे ऐकूनच त्या क्षमतांपुढे गुण द्यायचे असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या निवडीचे काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी, माणसाविषयी मत न विचारता घडलेल्या प्रसंगातील त्याच्या कृतीची नोंद घ्यावी, असा आग्रह धरला आणि ती पद्धत १९५४ मध्ये सविस्तर मांडली. पुढे १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धीच्या चाचण्यांऐवजी कामाला लागणाऱ्या क्षमता तपासाव्यात, असे प्रतिपादन केले. ‘मी मेहनती आहे’ या वाक्याला तिथे किंमत का नाही, हे यावरून तुझ्या ध्यानात येईल.

आपल्याकडे ‘मी’ म्हणणे म्हणजे मीपणा, असे लहानपणापासून मनावर ठसलेले असते आणि ‘चर्चा केली गेली’सारखा, कर्ता गाळणारा मराठीतला कर्मणी प्रयोग लपायला फारच सोयीचा आहे. भोसरीच्या एका कारखान्यात निवड समितीवर असताना एका मुलाच्या प्रत्येक उत्तरात ‘आम्ही’ आले, म्हणून मी त्याला कमी गुण दिले. ज्या कामाबद्दल तो बोलत होता ते त्याने जवळपास एकट्याने केले होते, हे मला नंतर कळले. ‘यात तुमचा वाटा कोणता?’ एवढा प्रश्न मी विचारायला हवा होता. ती चूक माझीच. पण तुझ्यासमोर बसणारा तो प्रश्न विचारीलच, याच्या भरवशावर तू राहू नयेस.

आता तुझ्याच गोष्टीकडे पाहू, कारण चहा घेताना मी खोदून विचारल्यावर तू जे सांगितलेस तेच खरे उत्तर होते. तू अकराही ताशेवाल्यांना स्वतः फोन केलेस, कोण किती वाजता सुटतो ते चौकटीच्या वहीत मांडलेस आणि त्यांच्यापैकी सात जण हिंजवडीहून साडेसातच्या आत सरावाला नदीपात्रात पोहोचूच शकत नाहीत, हे पथकप्रमुखांना दाखवलेस. पहिला अर्धा तास केवळ ढोलाचा ठेवावा, ही सूचनाही तुझीच होती. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती असा उत्तर मांडण्याचा ‘स्टार’चा (या चारांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचा) क्रम तुला पाठ आहेच, परंतु पहिल्या दोन्हींना मिळून चार वाक्ये पुरेत, उरलेला बहुतेक वेळ कृतीला दे. एक ताशेवाला शेवटपर्यंत नाराज राहिला, हेही वगळू नकोस. ‘पुन्हा तशी वेळ आली तर काय वेगळे कराल?’ असा उपप्रश्न हमखास येतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर त्या नाराजीतच आहे.

उत्तरे पाठ करू नकोस. घोकलेले उत्तर दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडे पडते. महाविद्यालयातले किंवा घरातले आणखी तीन-चार प्रसंग आठव, त्यांपैकी एक फसलेला असू दे, आणि प्रत्येकापुढे केवळ तू केलेल्या गोष्टींची क्रियापदे लिही. पोशाख वगैरेबद्दल तुला सांगण्याची गरज नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला ये, आणि येताना ती चौकटीची वही आण.

तुझा,
काका