नववीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना?

मग पोरांना 'मोठेपणी कोण होणार?' असं विचारू नकोस. निम्मे डॉक्टर सांगतात, निम्मे यूट्यूबर. त्यापेक्षा कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं, ते दाखव.

माझ्या एका विद्यार्थ्याला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. त्याचं शिक्षण देणारी नेरुळची टी. एस. चाणक्य ही संस्था घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण नॉटिकल सायन्सला, म्हणजे जहाज चालवण्याच्या अभ्यासक्रमाला, बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात, आणि यानं गणिताला घाबरून अकरावीला नुसतं बायोलॉजी घेतलं. मी वेळेत बोलले नाही, ती चुटपुट अजून आहे. एनडीएचंही तसंच: आर्मीला कुठलीही शाखा चालते, नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही हवेतच. म्हणून गणिताचा कंटाळा करणाऱ्यांना आधी गाठ.

दहावीनंतर 3 वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. आयटीआय म्हटलं की तर नाकं मुरडतात. (वागळे इस्टेटसारखी औद्योगिक वसाहत दारात असणाऱ्या ठाणेकरांनी तरी मुरडू नयेत!) सीएचं फार टेन्शन नको, तिथे कुठल्याही शाखेतून जाता येतं.

आणि पालकसभेत क्लासवाल्यांना पत्रकं वाटू देऊ नकोस. बाकीचं मधल्या सुट्टीत बोलू.