परी आली नाही, झोप मात्र आली

प्रश्न : मॅडम, मुलगा कामासाठी पॅरिसला गेला होता. येताना त्याने अ‍ॅबसिंथ नावाच्या हिरव्या दारूची बाटली आणली. त्यावर ६८ टक्के असं छापलंय. सोबत भोकं पाडलेला चपटा चमचाही आहे. मुलगा म्हणतो, ही प्यायली की हिरवी परी दिसते, मोठमोठे चित्रकार हिच्यापायीच वेडे झाले. साखर पेटवून पेल्यात टाकतात, असं मी व्हिडिओत पाहिलं. मी रक्तदाबाची गोळी घेतो, रविवारी एखादा पेग व्हिस्की. दोन महिने बाटली कपाटात आहे. सौ. म्हणते, फेकून द्या. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फेकू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी.

परी बघायला मीही गेले होते. ३५ वर्षं औषधशास्त्र शिकवलं, थुजोन या रसायनाचं नाव फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे, पण ते ज्यात असतं ती दारू जिभेला लागली ती निवृत्तीनंतर. लेक-जावई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला राहायचे. तिथून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर व्हाल-द-त्राव्हेर नावाचं खोरं आहे. अ‍ॅबसिंथचं माहेर तेच. अठरावं शतक संपता संपता तिथल्या कुव्हे गावात तिची पहिली भट्टी लागली आणि १८०५ मध्ये पेर्नो नावाच्या गृहस्थाने सरहद्दीपलीकडे फ्रान्समध्ये, पाँतार्लिए गावात, मोठा कारखाना काढला. मुलाने पॅरिसहून आणली म्हणून ती पॅरिसची, असं नाही.

खोऱ्यात मोतिए नावाचं गाव आहे. ऑक्टोबरातली दुपार होती. एका घराच्या आवारात कमरेइतकी राखी-हिरवी झुडपं दिसली. पान चुरगळून नाकाशी नेलं आणि मी थेट जोतिबाच्या डोंगरावर! चैत्रातला दवणा, त्यातला गोडवा काढून घेतलेला. ही झुडपं वर्मवुडची, अ‍ॅबसिंथमधली मुख्य वनस्पती. वर्मवुड आणि आपला दवणा दोघंही आर्टेमिसिया गटातले, सख्खे नाहीत पण चुलत भाऊ नक्कीच. मग शहाणपणा करून मी पान चावलं. काडेकिराईताचा काढा परवडला. अर्धा तास तोंड धुतलं तरी कडूपणा जाईना.

गंमत अशी की ही दारू एवढी कडू नसते. वर्मवुड, बाळंतशोपेसारखी दिसणारी अ‍ॅनिस आणि बडीशेप दारूत भिजवून ते सगळं भट्टीवर चढवतात. वाफेबरोबर वास वर जातो, कडू द्रव्य खाली भांड्यातच राहतं. हिरवा रंग नंतर येतो, पुन्हा थोडी पानं भिजवून. तो पानांचाच हिरवा, पालकाच्या पाण्यासारखा. तिथले लोक बहुधा बिनरंगाची पितात आणि तिला ‘निळी’ म्हणतात. का, ते पुढे सांगते.

त्या घरातल्या बाईंनी लहान पेल्यात साधारण ३० मिलिलिटर ओतली आणि तोटीच्या काचेच्या भांड्यातून बर्फगार पाणी थेंब थेंब सोडलं. इथे मात्र घाई करू नका, निम्मी मजा इथेच आहे. पहिल्या थेंबाला तेलकट रेघ उमटते, वळवळते, विरते. दहा-वीस थेंबांनंतर तळाशी धुकं धरायला लागतं. वर बोटभर स्वच्छ थर, खाली ढग. मग तो थरही पातळ होत होत नाहीसा होतो आणि पेल्यात दुधाळ, किंचित निळसर झाक असलेलं पाणी उरतं. म्हणून ‘निळी’, असं त्या बाईंचं म्हणणं. जावई भारावले होते. मी म्हटलं, अहो, डेटॉल पाण्यात टाकल्यावर दुसरं काय होतं? अ‍ॅनिसमधलं अ‍ॅनेथोल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की त्याचे बारीक थेंब सुटतात आणि उजेड विखुरतो. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

चव म्हणाल तर जेवणानंतर हॉटेलात बडीशेप-खडीसाखर देतात ना, ती थंड पाण्यात उतरवलेली, मागून ओल्या गवताचा वास आणि जिभेच्या टोकाला हलकी बधिरता. दारू आहे हे कळतच नाही, खरा धोका तोच. मी एक पेला पूर्ण घेतला, दुसरा अर्धा. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मन मोकळं झालं, जावयांच्या विनोदांना हसू आलं (एरवी येत नाही). त्यांनी शपथेवर सांगितलं की झाडं जास्त हिरवी दिसताहेत. त्यांनी गॉगल काढून ठेवला होता. परतीच्या गाडीत मी वेळापत्रकातली एकच ओळ तीनदा वाचली आणि न्यूशातेलपर्यंत झोपले. परी आली असेल तर माझ्या घोरण्याने परत गेली असावी.

आता हिशेब. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. वर्मवुडमधलं थुजोन तो ब्रेक नीट लागू देत नाही, म्हणून मोठ्या मात्रेत झटके येतात. हे खरं आहे. पण युरोपात अशा दारूत किलोमागे जास्तीत जास्त ३५ मिलिग्रॅम थुजोन चालतं, म्हणजे तुमच्या ३० मिलिलिटरमध्ये जेमतेम एक मिलिग्रॅम. त्याच घोटभर दारूत शुद्ध अल्कोहोल आहे साधारण १६ ग्रॅम. सोळा हजार मिलिग्रॅमसमोर एक! थुजोनचा परिणाम जाणवेपर्यंत माणूस अल्कोहोलनेच आडवा होईल. जुन्या अ‍ॅबसिंथमध्ये थुजोन फार असायचं, हेही सांगतात. बंदीपूर्वीच्या १३ सीलबंद बाटल्या तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापले गेले: लिटरमागे सरासरी २५ मिलिग्रॅम, सर्वांत जास्त ४८. आजच्यासारखीच.

मग एवढी बदनामी कशी झाली? माझ्या मते निम्मा दोष माझ्याच पेशाचा. व्हालांतँ मान्यां हे पॅरिसमधले नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १८६०च्या दशकात गिनीपिगांना वर्मवुडचं शुद्ध तेल दिलं. प्राण्यांना झटके आले, तर नुसत्या अल्कोहोलवरचे फक्त झिंगले. निष्कर्ष काय, तर अ‍ॅबसिंथ वेड लावते. अहो, लवंगेचं तेल बाटलीभर पाजून मसालेभात विषारी ठरवण्यातला हा प्रकार! माझ्या वर्गात कुणी असा प्रयोग लिहून आणला असता तर वही परत दिली असती.

दुसरं कारण पैशाचं. फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे खाल्ले, वाइन महागली, बीट-धान्याच्या दारूवर बनलेली अ‍ॅबसिंथ स्वस्त झाली आणि गरीब माणूस तिच्याकडे वळला. स्वस्तातल्या मालात हिरव्या रंगासाठी मोरचूदसुद्धा घालत. मळे सावरल्यावर वाइनवाल्यांना आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं. त्यात २८ ऑगस्ट १९०५ ला स्वित्झर्लंडच्या कोम्युन्यी गावात जाँ लांफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो वाइन, कोन्याक आणि काय काय प्यायला होता. त्यात अ‍ॅबसिंथचे दोन पेले. बोभाटा झाला तो त्या दोन पेल्यांचा. १९०८ मध्ये जनमत घेतलं, १९१० पासून स्वित्झर्लंडमध्ये बंदी, १९१५ मध्ये फ्रान्समध्येही. वाइनला कुणी हात लावला नाही.

बंदीत काय झालं ते आपल्याला सांगायला नको, हातभट्टी आपणही पाहिली आहे. खोऱ्यातल्या बायाबापड्या न्हाणीघरात, तळघरात ‘निळी’ गाळत राहिल्या. बिनरंगाची, म्हणजे ओळखू येऊ नये. १९८३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ न्यूशातेलला आले, तेव्हा जेवणानंतर अ‍ॅबसिंथ घातलेला गारेगार सूफ्ले, म्हणजे एक फेसाळ गोड पदार्थ, वाढला गेला आणि वाढणाऱ्यावर खटला झाला! बंदी उठली १ मार्च २००५ ला. मोतिएच्या ज्या इमारतीत या गाळणाऱ्यांना शिक्षा व्हायच्या, त्याच जुन्या कोर्टात आता अ‍ॅबसिंथचं संग्रहालय आहे.

तुमच्या बाटलीकडे येते. रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा थेंबही चालतो का, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. व्हिस्कीचंही विचारा, ते सांगितलेलं नसणार. त्यांनी होकार दिला तर ३० मिलिलिटर मोजून घ्या, अंदाजाने नको. चमचा पेल्यावर आडवा ठेवा, त्यावर साखरेचा एक खडा, वरून थंड पाणी अगदी हळू, दारूच्या तिप्पट ते पाचपट. साखर नको असेल तर तिथेही बरेच जण घालत नाहीत. पेला एकच, जेवण झाल्यावर. घरात कुणाला फिट येत असतील तर त्यांच्या हाती मुळीच देऊ नका.

आणि काडी ओढू नका! साखर पेटवायची रीत १९९०च्या दशकात चेक देशातल्या बारमधून पसरली. तिकडच्या बऱ्याच बाटल्यांत अ‍ॅनिस इतकं कमी की पाणी घातलं तरी ढग उठत नाही. मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय? जाळ. ६८ टक्क्यांची दारू पेल्यासकट पेटते, शेजारी टेबलक्लॉथ असतोच.

प्रश्न : काष्ठौषधीच्या दुकानात अफसंतीन, म्हणजे वर्मवुड, मिळतं. ते व्होडकात भिजवून घरीच अ‍ॅबसिंथ करता येईल का? वर्मवुडचं तेल ऑनलाइनही दिसतं.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. भिजवलंत तर भट्टीत मागे राहणारा सगळा कडूपणा पेल्यात येईल. वर लिहिलेला पानाचा प्रसंग वाच. घरी गाळणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच. तेलाची बाटली तर कार्टमधून आत्ता काढ. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका तिशीतल्या माणसाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याने असंच इंटरनेटवरून तेल मागवलं आणि अ‍ॅबसिंथ समजून सुमारे १० मिलिलिटर प्यायला. झटके आले, स्नायू विरघळू लागले, मूत्रपिंडं बंद पडली. वाचला, पण इस्पितळात.

प्रश्न : (सांगलीच्याच वाचकांचं आठवड्याने आलेलं कार्ड) सौ.ने बाटली फ्रिजमध्ये ठेवली. आत पांढरं काहीतरी झालंय. खराब झाली का?

उत्तर : नाही हो. गारठ्याने अ‍ॅनेथोल गोठलंय, खोबरेल तेल थिजतं तसं. बाहेर काढून कपाटात परत ठेवा, उभी, उजेडापासून लांब. दिवसभरात विरघळेल. पुढे महिन्यांनी रंग वाळक्या पानासारखा तपकिरी झाला तरी घाबरू नका. मात्र हिरवागार टिकून राहिला, तर लेबलावर रंगाचं नाव काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा आणि मला कळवा.