सिस्टरना विचारा : रिपोर्ट नॉर्मल, मग माणूस असा का वागतो?

सिस्टर, नमस्कार. आम्ही अशोक चौकाच्या पलीकडं राहतो. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, वय 38. मागच्या बुधवारी शेजारच्या मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि त्यांच्या उजव्या कानाच्या वर लागला. खाली बसले, एकदा उलटी झाली. धोटा कसा लागला ते अजून आठवत नाही. दवाखान्यात तीन टाके घातले, सीटी स्कॅन काढला, रात्रभर ठेवून घेतलं आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी आराम करा’ म्हणून सोडलं. आज आठवा दिवस. डोकं जड आहे, उजेड नको, पोरांचा आवाज नको. कधी न चिडणारा माणूस ताट ढकलून उठतो. आमच्या भिंतीला लागून दुसऱ्यांचे चार माग आहेत, ते सकाळी सुरू झाले की उशी कानावर घेऊन पडतात. सासूबाई झोपू देत नाहीत. डोक्याला मार लागल्यावर झोपायचं नसतं म्हणतात. शेठ म्हणतात, सोमवारी कामावर या. धाकटे दीर म्हणतात, कागदावर 15 पैकी 15 लिहिलंय, दादा नाटक करतोय. आराम म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

ताई, पत्रात नंबर दिलात म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला. आपलं जे बोलणं झालं तेच इथं लिहिते, कारण अशा घरांना ‘आराम करा’ एवढे दोनच शब्द सांगून पाठवतात, हे मी तीस वर्षं कॅज्युअल्टीत बघितलंय. गर्दीत मीही तेवढंच सांगून पाठवलंय.

आधी दीरांच्या पंधरा मार्कांचं. ती मोजपट्टी 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढली. डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितलं तसे हातपाय हलवतो का, याचे मिळून 15. 13 ते 15 म्हणजे सौम्य मार. माणूस शुद्धीत किती आहे, एवढंच त्यावरून कळतं. त्याचं डोकं दुखतंय का, हे त्यात कुठंच विचारलेलं नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. हाड मोडलंय का, आत रक्त साचलंय का, हे त्यात दिसतं. मेंदू आतल्या आत हादरला तर तो फोटोत जसाच्या तसा दिसतो, पण काम करताना दमतो. तुमचे मालक फोनवर मला म्हणाले, ‘सिस्टर, ताणा ढिला पडल्यासारखं झालंय, धागा तुटलेला नाही पण कापड नीट येईना.’ यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. दीरांना हेच ऐकवा.

आता झोप. सासूबाईंचं अगदी चुकलं असं नाही, त्यांची भीती पहिल्या रात्रीची आहे. पहिल्या रात्री माणूस झोपलाय की बेशुद्धीत चाललाय हे कळावं म्हणून आम्ही अधूनमधून उठवतो, नाव विचारतो, पाणी देतो. ती रात्र दवाखान्यातच गेली. आता आठव्या दिवशी झोप हेच औषध. रात्री ठरल्या वेळी झोपू द्या, दुपारी अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको, नाहीतर रात्री टक्क जागे राहतील. आणि सासूबाई टाक्यांभोवती हळद-तेल थापतायत असं तुमच्या बोलण्यात आलं. ते आजपासून बंद. टाके काढायला जी तारीख दिलीय त्या तारखेला जा.

पण अंधारी खोली करून पंधरा दिवस पडून राहणं हाही आराम नव्हे. पूर्वी आम्हीच तसं सांगायचो. आता तसं सांगत नाहीत. पहिला दीड-दोन दिवस पूर्ण विसावा, मोबाईल अगदी कमी, आणि त्यानंतर थोडं थोडं उठायचं. सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. डोकं थोडं जड झालं तर चालेल, पण दुखणं स्पष्ट वाढलं की त्या दिवशी तिथंच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं कमी करून बघायचं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी पाणी सोडायच्या दिवशी पहाटे बॅरल भरताना मी मोरीत घसरले आणि डोकं कठड्यावर आपटलं. सिस्टरच मी, मला काय होतंय म्हणून त्याच दिवशी पापड लाटायला बसले. संध्याकाळी एकाच चहात दोनदा मीठ घातलं आणि नातवावर खेकसले. पुढचे अठरा दिवस मी माझ्याच सल्ल्यावर काढले. चिडचिड हा त्या दुखण्याचाच भाग आहे. ताट ढकललं तेव्हा तुम्ही गप्प राहिलात ते बरं केलंत, पण पोरांना सांगा की बाबांचं डोकं दुखतंय, त्यांचं काही चुकलेलं नाही.

भिंतीपलीकडच्या मागांचं खरं तर सगळ्यात अवघड आहे. सोलापुरात माग बंद करा म्हणणं म्हणजे चूल बंद करा म्हणणं. शेजाऱ्यांशी तुम्ही बोललात, दुपारी एक ते तीन त्यांचे माग तसेही थांबतात म्हणालात, तर झोपेची वेळ तीच ठेवा. सकाळी दोन तास मालकांना तुमच्या जाऊबाईंच्या घरी नेऊन बसवा, विडी घरकुल वसाहतीत त्यांच्या भिंतीला लागून माग नाहीत. कानात कापूस घालून दिवसभर बसू देऊ नका. कान शांततेला सोकावतो आणि मग भांडं पडलं तरी दचकतो. टोपी घालून सावलीत बसणं चांगलं, घरात काळा चष्मा नको. एप्रिलचं ऊन आहे, पत्र्याखाली पाणी कमी पडलं तरी निरोग्याचं डोकं दुखतं. तांब्या जवळ ठेवा, ताक द्या.

जेवणात एक गंमत सांगते. कडक भाकरी चावताना कानावर कळ येते म्हणाले. ते मेंदूचं नाही. चावायचा स्नायू बरोबर टाक्यांखालून जातो. भाकरी आमटीत भिजवून द्या, शेंगाचटणी हवी तेवढी.

गोळी पॅरासिटामॉलची, डॉक्टरांनी लिहिलीय तेवढीच. मेडिकलमधून डोकेदुखीची दुसरी कुठली गोळी स्वतःच्या मनानं आणू नका, काहींनी रक्त पातळ होतं. आठवड्यामागून आठवडे रोज गोळ्या घेतल्या तर गोळ्यांचंच डोकं दुखायला लागतं. दारू पूर्ण बंद. तंबाखूच्या माव्याचं मी विचारलं तेव्हा मालक गप्प झाले, मी समजले. त्यानं चक्कर वाढते.

चक्करेवरून आठवलं. कूस बदलली की खोली गरकन फिरते आणि मिनिटाभरात थांबते, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मार लागल्यावर कानाच्या आतले बारीक खडे जागेवरून सुटतात, त्यानं असं होतं. त्याला गोळ्यांची गरज नसते. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते खडे जागी नेतात, कित्येकदा एकाच बैठकीत. ह्याच आठवड्यात दाखवून या, उगाच सोसत बसू नका.

सोमवारी माग? नाही. चक्कर येणाऱ्या, हात अर्ध्या सेकंदानं उशिरा हलणाऱ्या माणसाला फिरत्या मागासमोर उभं करायचं नसतं. दुचाकीही चालवू देऊ नका. डोकं बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर तो पहिल्यासारखा सोपा जात नाही. मजुरी नगावर आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून शेठांना असं सांगा, पुढच्या आठवड्यापासून अर्धा दिवस, मागापासून लांब, टॉवेलच्या घड्या घालायला येतील. ते जमलं तर पूर्ण दिवस, शेवटी माग, आणि तोही पहिले काही दिवस जोडीला कुणी असताना. डॉक्टरांकडून तसं चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी निरोपाला शेठ मान देत नाहीत. अपघात कामावर झालाय, त्याची कारखान्यात नोंद झालीय का ते बघा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर कामावरच्या दुखापतीत बुडालेल्या दिवसांची मजुरी बऱ्याच अंशी मिळते, 90 टक्क्यांच्या आसपास. कार्ड कपाटात आणि माणूस घरात, असं मी फार पाहिलंय.

बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत मोकळं वाटतं, काहींना दोन-तीन महिने लागतात. महिना उलटला आणि फरक नसेल तर परत दाखवा. मात्र एवढं झालं तर दिवस मोजत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा : डोकेदुखी वाढतच चाललीय, पुन्हा पुन्हा उलट्या, हलवूनही नीट जाग येत नाही, बडबड असंबद्ध झालीय, झटका आला, एक हात किंवा पाय गळाला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येतंय. हे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, तुम्ही पाणी भरायला गेलात तर मोठ्या मुलीला वाचता येईल.

जुळे सोलापूरहून एका मुलाचं छोटं पत्र आहे. वडील 72 वर्षांचे, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. बाथरूममध्ये पडले, डोक्याला टेंगूळ आलं, बाकी ठणठणीत, ‘दवाखान्यात न्यायची गरज आहे का?’

आहे, आणि ते बोलतायत-चालतायत म्हणून थांबू नका. त्या गोळ्यांमुळं आत बारीक रक्त गळत राहू शकतं. या वयात मेंदू थोडा आकसलेला असतो, रक्ताला जागा मिळते, म्हणून पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. दोन-चार आठवड्यांनी पाय ओढत चालणं, पेंगणं, नातवाचं नाव चुकणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका, स्टेंटला ते महागात पडेल. मी फोन केला तेव्हा ते निघायच्या तयारीत होते. गोळ्यांचं पाकीट घ्यायला सांगितलं, कारण नाव विचारलं की ‘ती पांढरी, छोटी’ एवढंच उत्तर येतं.